धाकल्या जावयाचा दिवा

कोहिनूर गावच्या स्टँडजवळ शिवशंकरचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेली पाण्याची मोटार बांधून देणं हा त्याचा धंदा, आणि विहिरीत पडलेली मोटार वर काढून देणं ही त्याची कीर्ती. दोर तुटला, पाइप निसटला, की आसपासच्या दहा-बारा गावांतून त्याला फोन येतो. तो जातो, शर्ट-पँटची घडी करून काठावर ठेवतो, कमरेला दोर बांधतो, तीनदा छाती भरून श्वास घेतो आणि खाली जातो. काठावरची माणसं आकडे मोजू लागतात. साठ-सत्तरच्या पुढं गेली की मोजायचं सोडून देवाचं नाव घेऊ लागतात, आणि तेवढ्यात दोराला दोन झटके बसतात. मोटार बांधली गेली.

हे काम तो सत्तावीस वर्षं करतो आहे, आणि या सत्तावीस वर्षांत त्यानं कुठल्याही विहिरीचा तळ पाहिलेला नाही. पंधरा-वीस फुटांखाली काही दिसतच नाही. गाळात हात घालायचा आणि बोटांनी ओळखायचं: हा दगड, हा पाइप, ही कुणाची तरी चप्पल, ही मोटार. डोळे तो मिटूनच ठेवतो. उघडे ठेवून उपयोग नाही, वर डोळ्यांत गाळ जातो.

त्याच्या अंगात असलेली एकमेव असामान्य गोष्ट, ती कुणालाच दिसत नाही. त्यालासुद्धा नाही. याचं त्याला काही वाटत नसे. वाटायला लागलं ते साडू डायव्हर झाल्यापासून.

साडूचं कागदोपत्री नाव शिवप्रसाद, पण वयाच्या चौतिसाव्या वर्षीही सगळे त्याला सोनूच म्हणतात. शिवशंकरची बायको शिवकन्या, तिच्या धाकट्या बहिणीचा, शैलश्रीचा नवरा. राहतो बिदरला, नौबादमध्ये. शाळांच्या भिंतीवर कॉम्प्युटरचे फळे बसवून देणाऱ्या एका कंपनीत आहे. कंपनीनं जास्त फळे खपवणाऱ्यांना अंदमानला नेलं, तिथं हा सिलिंडर लावून समुद्रात उतरला, आणि त्याला गोडी लागली. मग मुरुडेश्वरला जाऊन चार दिवसांचा कोर्स केला, कार्ड मिळवलं. कार्डावर त्याचा फोटो आहे. शिवशंकरकडे असं काही कार्ड नाही. विहिरीवाले मागत नाहीत.

आणखी एक फरक होता, आणि तो जास्त बोचणारा होता. शिवशंकर गावातला जावई. त्याचं घर मारुतीच्या देवळामागं, सासरा हरिबाचं घर वेशीजवळ, मध्ये सहा मिनिटांचा रस्ता. रोज दिसणाऱ्या जावयाला कोण चहा टाकतं? सासरवाडीची मोटार बिघडली, की "जावई आलेत" असं कुणी म्हणत नसे. "मोटारीवाल्याला बलवा" म्हणत. सोनू मात्र वर्षातून तीनदा कार घेऊन यायचा, आणि मग सासू सुशीलाबाई खिरीत काजू टाकायच्या. शिवशंकरनं एकदा खिरीची वाटी हलवून मोजले होते. त्याच्या वाटीत दोन. सोनूच्या वाटीतले बुडालेले दिसत नव्हते, पण खीर घट्ट वाटत होती.

अंदमानचे फोटो घरच्या ग्रुपवर आले त्या आठवड्यात सुशीलाबाईंनी अख्ख्या गल्लीला सांगितलं, "आमचे धाकले जावई समुद्राच्या बुडाला जाऊन आले."

शेजारचा खताचा दुकानदार ईरण्णा हे ऐकून मुद्दाम शिवशंकरच्या दारात आला. "काय अण्णा, तुमचा साडू मासा झालाय म्हणं."

"चाळीस फूट गेलाय. मी करडखेल्यांच्या विहिरीत चाळीस गेलतो. बिनासिलिंडरचं."

"पण फोटो कुठाय?"

शिवशंकरनं त्याच्याकडं न बघता कॉइलला वार्निश लावलं.

मग धोंड्याचा महिना आला. तीन वर्षांतून एकदा येणारा हा अधिक महिना जावयांचा. लेक-जावयाला बोलवायचं, पाय धुवायचे, धोंडे जेवायला घालायचे, आणि तेहतीस अनारशांवर दिवा ठेवून तो जावयाच्या हातात द्यायचा. हरिबा दोन एकर जास्त बागायत झाल्यापासून चांदीचा दिवा देतो. यंदा तो आठ दिवस आधी दुकानात येऊन स्टुलावर बसला.

"तुमाला चांदीचा हाय," तो म्हणाला. "धाकले जावई म्हनले, मामा, चांदीचा नको, पाण्यातली बॅटरी द्या."

"पाण्यातली?"

"रातच्याला समुद्रात उतरणार हायत म्हणं. दिवाळी झाल्यावर."

"कामून? काय पडलंय तिथं?"

"काय पडलं न्हाई. बघायला."

शिवशंकरनं हातातली पक्कड खाली ठेवली. रात्री पाण्यात उतरायचं, आणि काढायचं काहीच नाही. हरिबालाही ते नीटसं पटलेलं दिसत नव्हतं, पण बॅटरी म्हणजे दिवाच, आणि जावयानं तोंडानं मागितलेली वस्तू. "तुमीच बघा आता," तो म्हणाला. "तुमाला लायटीचं कळतंय. फकस्त चांदीच्या दिव्याएवढ्यात बसवा. कमी झालं तर शैलश्री म्हणंल थोरलीला जास्ती दिलं, आन जास्ती झालं तर शिवकन्या म्हणंल."

साडूच्या मानाची वस्तू आपण निवडायची, तीही आपल्या दिव्याच्या तोलामोलाची. शिवशंकर "व्हय" म्हणाला. सासऱ्याला दुसरं काही म्हणायची पद्धत नाही.

निवडायला बसला तेव्हा मात्र त्याच्यातला मिस्त्री जागा झाला, आणि मत्सराला चार दिवस बाहेर स्टुलावर बसावं लागलं. फोनवर शेकडो टॉर्च होते. सगळे पाण्यात चालणारे, सगळे सैन्यात वापरले जाणारे. कुणी वीस हजार ल्युमेन लिहिलेलं, कुणी पन्नास हजार. शिवशंकर हसला. हा प्रकार त्याला नवा नव्हता. नेमप्लेटवर पाच हॉर्सपॉवर लिहिलेल्या आणि आत तीनचीच तार भरलेल्या मोटारी त्यानं गाडाभर उघडल्या होत्या. एका सेलवर चालणारा हाताएवढा टॉर्च पन्नास हजार उजेड देतो म्हणणारा माणूस आणि लातूरकडून तसल्या मोटारी आणून विकणारा माणूस, दोघांची शाळा एकच.

दुसरं त्याला हे कळलं, की नुसतं वॉटरप्रूफ लिहिलेलं समुद्रात कामाचं नाही. पावसात भिजणं वेगळं, आणि साठ फुटांवर तासभर दाबाखाली राहणं वेगळं. किती खोलीला चालतो तो आकडा मीटरमध्ये लिहिलेला पाहिजे. उजेड फार पसरणारा नको, पाण्यातल्या कणांवर सांडून धुकं होतं. बारीक झोत लांब जातो. बटण दाबायचं नको, तिथूनच पाणी शिरतं. बाहेरून सरकणारं, आतल्या चुंबकावर चालणारं बरं. झाकणाला रबरी रिंगा दोन हव्यात. सेल बाजारात मिळणाऱ्या मापाचा हवा. मनगटाला अडकवायला दोरी हवी. आणि असे दोन टॉर्च हवेत, कारण खाली एक विझला तर दुसरा पाहिजे. हा शेवटचा मुद्दा त्यानं सोनूला फोनवर विचारला.

"दुसरा तिथं भाड्यानं मिळतोय, अण्णा," सोनू म्हणाला. "मुख्य चांगला पाहिजे. तुम्ही बघायलाव म्हटल्यावर मला टेन्शन न्हाई. तसं बघितलं तर खरे डायव्हर तुम्हीच. आम्ही काय, सिलिंडरचे पहिलवान."

शिवशंकरनं फोन ठेवला आणि बराच वेळ चिडून बसला. साडू शेखी मिरवणारा असता तर गोष्ट सोपी होती. हा नम्र होता.

दोन टॉर्च मागवले, एक ठेवायचा, एक परत करायचा. दोन्ही त्यानं दगडासोबत जाळीच्या पिशवीत बांधून हरिबाच्या विहिरीत तासभर सोडले. तलावाखालची विहीर, मे महिन्यातही तीस फूट पाणी. चकचकीत डब्यातला, सोन्याच्या अक्षरांत 'प्रोफेशनल' लिहिलेला टॉर्च वर आला तो काचेमागं दोन बोटं पाणी घेऊन. दुसरा, काळा, ओबडधोबड, ज्याच्यावर फक्त हजार ल्युमेन लिहिलं होतं तो, आतून कोरडा होता. गळका टॉर्च त्याच दिवशी परत पाठवता आला असता. शिवशंकरनं तो दोन दिवस कपाटात ठेवला. कशासाठी, ते त्यानं स्वतःलाही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी कुरिअरवाल्याला दिला.

काळा टॉर्च हातात घेऊन आपण खाली जावं असं त्याच्या मनात आलं नाही असं नाही. पण पूजा न झालेली वस्तू वापरायची नसते, आणि दुसऱ्याच्या पूजेची तर नाहीच. दोरानं सोडणं म्हणजे चाचणी. हातात घेऊन उतरणं म्हणजे वापर. हा भेद त्यानं काटेकोरपणे पाळला.

धोंड्याच्या दिवशी हरिबाच्या ओसरीवर दोन पाट मांडले होते. दोन ताम्हणं, दोन्हींत तेहतीस-तेहतीस अनारसे. एकावर चांदीचा दिवा, दुसऱ्यावर काळा टॉर्च, तोंड वर करून उभा. सोनूनं गुडघे टेकून सासू-सासऱ्यांना नमस्कार केला, मग शिवशंकरच्याही पाया पडला. शिवशंकरला आशीर्वाद द्यावा लागला.

सुशीलाबाईंनी चांदीच्या दिव्यात तूप-वात घालून तो लावला. मग टॉर्चपाशी अडल्या. "ह्येची वात कुठाय ओ?"

"आत सेल हाय मामी," शिवशंकर म्हणाला. "मागचं झाकण फिरवा. सेलवर पारदर्शक चकती हाय, तेवढी काढा आन परत बसवा."

त्यांनी झाकण फिरवलं, सेल बाहेर काढला, चकती काढली. आणि मग त्यांनी ते केलं जे त्या घरात येणाऱ्या प्रत्येक यंत्राला होतं. ट्रॅक्टर आला तेव्हा बॉनेट उघडून इंजिनला लावलं होतं. मोटारीचा स्टार्टर आला तेव्हा पेटी उघडून आतल्या कॉइलला. जीव जिथं आहे तिथं हळद-कुंकू लागलं पाहिजे, वरच्या पत्र्याला लावून काय उपयोग? त्यांनी चिमटीभर हळद, चिमटीभर कुंकू सेलला लावलं, थोडं झाकणाच्या आत लावलं, हात जोडले, आणि सगळं पुन्हा पिळून बसवलं. टॉर्च लागला. भिंतीवर पांढरा गोल पडला. बायका "अगं बाई" म्हणाल्या. चांदीच्या दिव्याकडं बघून कुणी काही म्हणालं नव्हतं.

शिवशंकरनं पाहिलं होतं. झाकण बसताना रिंगेच्या खाचेत कुंकू गेलं होतं. त्या रिंगेला केस अडकला तरी पाणी येतं. इथं तर चार-पाच लाल कण. हे ओसरीवर त्या एकट्याला कळलं होतं.

पंगत बसली. धोंड्याच्या पुरणात तुपाची धार पडत होती, हरिबा आग्रह करत होता, आणि शिवशंकर मनातल्या मनात दोन चित्रं बघत होता. पहिलं चांगलं होतं: संध्याकाळी सगळ्यांसमोर सोनू विहिरीत टॉर्च लावतो, टॉर्च दोन मिनिटांत विझतो, सासूचं तोंड उतरतं. पण त्याच चित्रात मागून कुणीतरी म्हणत होतं, "निवडला कुणी?" म्हणजे ते बाद. दुसऱ्या चित्रात टॉर्च विहिरीत टिकतो आणि समुद्रात, रात्री, साठ फुटांवर जातो. तिथं निवडणाऱ्याचं नाव घ्यायला कुणी नव्हतं. फक्त अंधार होता. आणि तो अंधार कसा असतो, वर कुठं आणि खाली कुठं हे कसं कळेनासं होतं, हे त्या पंगतीत शिवशंकरइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तिसरा धोंडा त्यानं ताटातच ठेवला.

पाच वाजता सोनू उठला. "चला अण्णा, विहिरीवर. बघू तरी तुमची निवड."

पाच वाजता विहिरीत ऊन नसतं. वरून पाणी काळंच दिसतं. काठावर घरचे, शेजारचे आणि बातमी लागून आलेला ईरण्णा. सोनूनं तोंडाला डायव्हिंगची काच लावली, पायात लांब पंख घातले, टोपीवर छोटा कॅमेरा बसवला. शिवशंकर चड्डीवर उभा होता. सोनू पायऱ्या उतरू लागला, तेव्हा शिवशंकर म्हणाला, "आणा इकडं जरा."

त्यानं झाकण उघडलं. गमछाच्या टोकानं खाच पुसली, दोन्ही रिंगा नखानं काढून डोळ्यासमोर धरल्या, डब्यातून आलेल्या पुडीतलं ग्रीस बोटानं फिरवलं, पुन्हा बसवल्या.

"काय झालं?" सोनूनं विचारलं.

"कुंकू गेलतं. मामींचं. हितं चाललं असतं. समुद्रात पाणी घेतलं असतं."

सोनूनं टॉर्च परत घेतला. "बाप रे. मला तर कळलंच नसतं."

"कार्डावर शिकवत न्हाईत व्हय?" शिवशंकर म्हणाला. दिवसभरात त्याला एवढंच साधलं.

वरून सुशीलाबाई ओरडल्या, "कुंकू कामून पुसायलाव ओ? अपशकून!"

सोनू पाण्यात शिरला. काळ्या पाण्यात हिरवा उजेड पेटला आणि खाली सरकू लागला. काठावरून कौतुकाचा गलका उठला. दहा फूट, पंधरा फूट, मग उजेड थबकला, हलला आणि परत वर आला. सोनूनं डोकं बाहेर काढून कान धरले. "सिलिंडर न्हाई तर दम पुरत न्हाई, अण्णा. कान पण दुखायलेत. तुम्ही जावा. तळ दाखवा एकदा." आणि मनगटातली दोरी काढून त्यानं टॉर्च त्याच्या हातात दिला. सोबत तोंडाची काचही दिली.

शिवशंकरनं तीनदा श्वास घेतला आणि गेला.

वीस फुटांवर सवयीनं त्याचे डोळे मिटले. मग आठवलं. त्यानं ते उघडले.

चहूबाजूंनी काळ्या दगडाची चिरेबंदी गोल खाली उतरत होती, सांधे इतके बारीक की सुई जाऊ नये. एवढं चांगलं बांधकाम कुणी पाण्याखाली का केलं असेल? तळाशी गाळ जात्यावरच्या पिठासारखा पसरलेला. त्याच्यावर एक कासरा, मध्ये दोन गाठी मारलेला. त्या गाठी त्याच्याच हाताच्या होत्या, तीन वर्षांपूर्वी मोटार ओढताना खाली राहिलेल्या. चांगल्या होत्या. कपारीत दोन मरळ मासे उजेडात टक लावून उभे. त्यानं स्वतःचा हात पुढं धरून पाहिला. हिरवट, मोठा, बोटं पसरलेली. हाच हात इतकी वर्षं त्याच्या आधी इथं पोचत होता.

दम संपत आला तरी तो थांबला. वर लोक असतील. बघत असतील. त्यानं टॉर्च स्वतःच्या अंगावर फिरवला, म्हणजे दिसावं. एकदा पायांवर, एकदा छातीवर. मग छाती जळायला लागल्यावर तळाला पाय मारून वर आला.

डोकं बाहेर निघालं तेव्हा काठावर टाळ्या चालू होत्या.

"काय उजेड पडला ओ, तळापातूर!" सुशीलाबाई म्हणत होत्या. "धाकल्या जावयांनी दिवा मागितला तर असा."

"किती रुपयाला आला?" ईरण्णा विचारत होता.

"मी दिसलो का?" शिवशंकरनं धापा टाकत विचारलं.

हरिबानं विचार केला. "उजेड दिसला," तो म्हणाला. "उजेडामागचं काय दिसंना."

सोनू मात्र पायरीला धरून अजून पाण्यातच होता. शिवशंकर उतरला, तेव्हा तो डोकं पाण्यात घालून, टोपीवरचा कॅमेरा खाली करून, काचेवाचूनच डोळे ताणून बघत होता. "अण्णा," तो हळू आवाजात म्हणाला, "मला दिसलात." त्याचा आवाज जरा बदललेला होता. एवढ्या माणसांत ज्याला दिसावं अशी शिवशंकरची सगळ्यात कमी इच्छा होती, नेमकं त्यालाच दिसलं होतं. टॉर्च शिवशंकरनं मनगटातून काढून परत दिला. तो देताना हात लागलीच सुटला नाही, हे दोघांनीही पाहिलं नसल्यासारखं केलं.

रात्री नौबादहून ग्रुपवर चाळीस सेकंदांचा व्हिडिओ आला. खाली सोनूनं लिहिलं होतं: 'माझे गुरू, शिवशंकर अण्णा. एका दमात.' दहा मिनिटांत बावीस उत्तरं आली. काय शूटिंग काढलंय जावयांनी. कॅमेरा कोणता? समुद्र वाटायलाय अगदी. सुशीलाबाईंनी दुसऱ्या दिवशी तो गल्लीत दाखवला. शेजारच्या राजूबाईनं विचारलं, "आन ते खाली कोण?" त्या म्हणाल्या, "ते व्हय, ते आपले मोटारीवाले. बॅटरी धरायला घातलंतं."

शिवशंकरनं तो दुकानात पाहिला, आवाज बंद करून. काळ्या पाण्यात खूप खाली एक हिरवा गोळा. गोळ्यात एक माणूस. बारीक झालेला, हात पसरलेला, घाई नसलेला. तो अंगावर उजेड फिरवतो, क्षणभर पाय दिसतात, छाती दिसते, आणि मग तो तिथंच थांबतो, जणू ती सगळी विहीर त्याच्या नावावर आहे. आपण खाली असे दिसत असू, असं शिवशंकरला कधी वाटलं नव्हतं. तो पुन्हा सुरुवातीपासून बघू लागला. त्या माणसाला दम लागत नव्हता, गिऱ्हाईक नव्हतं, खिरीच्या वाटीशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. शिवशंकरला त्याचा हेवा वाटला. साडूचा वाटायचा त्यापेक्षा थोडा जास्तच.

शिवकन्या जेवणाचा डबा घेऊन आली तेव्हा तो सातव्यांदा बघत होता.

"किती येळ बघायलाव ते?"

"झोत बघायलोय," तो म्हणाला. "निवड चुकली न्हाई."